कागदी वचने आणि नंदादीप

संग्रहाचा छंद हा बहुधा रिकामटेकड्यांचा समजला जातो, आणि तो वकिलास जडावा ही गोष्ट त्याच्या अशिलांना फारशी आश्वासक वाटत नाही. तथापि माझ्यापुरते बोलावयाचे तर गेली वीस-बावीस वर्षे हा छंद माझ्या मागे आहे, आणि न्यायालयातील कामाने शिणलेल्या मनाला त्याने दिलेला विसावा मी विसरू शकत नाही. सुरत शहराच्या पूर्वेकडील गोडादरा या भागात माझे बिऱ्हाड आहे. तेथील माझ्या कपाटाचे दोन खण ज्या कागदांनी भरलेले आहेत, त्यांच्या बदल्यात आज जगातील कोणतीही पेढी एक पैसाही मोजणार नाही. एके काळी मात्र त्याच कागदांवर पाव, कोळसा आणि मीठ मिळत असे. ते कागद म्हणजे जर्मनीतील आणीबाणीचे चलन होय. जर्मन भाषेत त्यास 'नोटगेल्ड' म्हणतात. आपल्या 'नोट' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. त्या भाषेत 'नोट' म्हणजे निकड, अडचण. अडचणीत काढलेला पैसा तो नोटगेल्ड.

या छंदाचा प्रारंभ योगायोगाने झाला. मुंबईस कायद्याचे शिक्षण घेत असता फोर्टमधील पदपथावर जुनी पुस्तके चाळणे हा आम्हा विद्यार्थ्यांचा नित्यक्रम असे. करारविषयक कायद्याचे एक जीर्ण पुस्तक घेऊन मी खोलीवर आलो, तो त्याच्या पानांत खूण म्हणून ठेवलेला एक रंगीत कागद सापडला. आकाराने तो बसच्या तिकिटाहून थोडा मोठा. त्यावर पुंगी वाजवीत चाललेला एक मनुष्य आणि त्याच्या मागे उंदरांची रांग. हामेल्न गावची ती दंतकथा मला शाळेपासून ठाऊक होती. पण एखादे गाव आपली कथा पैशावर छापते, आणि तीही अशी कथा की जीत ठरलेली मजुरी बुडविल्यामुळे गावाने आपली मुले गमावली, हे पाहून मी चकित झालो. वचन मोडण्याची गोष्ट वचनचिठ्ठीवरच छापलेली! कायद्याच्या विद्यार्थ्यास मोह पडावा अशीच ती वस्तू होती.

पुढे वाचन वाढले तसा या कागदांमागील इतिहास उलगडत गेला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन सरकारने नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद केले. लोकांनी साहजिकच सोन्याबरोबर चांदीची नाणीही घरात दडवली. व्यवहारात मोड मिळेना. तेव्हा अनेक नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी आपल्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या काढून तात्पुरती वेळ निभावली. १९१६ नंतर तांबे आणि निकेल हे धातू दारूगोळ्यासाठी लागू लागले आणि ही टंचाई कायमची झाली. मग गावोगाव पाच, दहा, पन्नास फेनिगांचे कागद निघाले. शंभर फेनिगांचा एक मार्क होतो हे लक्षात घेता ही आपल्याकडील आणे-पैशांचीच जागा भरून काढणारी योजना होती. बहुतेक चिठ्ठ्या त्या गावापुरत्याच चालत आणि ठरलेल्या मुदतीनंतर रद्द होत.

युद्ध संपले, पण चिठ्ठ्या संपल्या नाहीत. संग्रह करणाऱ्यांची एक जातच निर्माण झाली होती, आणि जो कागद संग्रहात जातो तो परत मागावयास कोणी येत नाही, हे चाणाक्ष नगरपालिकांच्या ध्यानात आले. अशा प्रत्येक कागदाची किंमत हा गावाचा निव्वळ नफा! १९२० ते १९२२ या काळात केवळ संग्राहकांसाठी रंगीबेरंगी मालिका निघाल्या. त्यांत ग्रामदैवतांच्या जागी संत होते, किल्ल्यांची चित्रे होती, स्थानिक विनोद होते, जिंकलेल्या शत्रूंविषयीची कडवट चित्रेही होती. सॅक्सनीत तर चिनीमातीची नाणी निघाली. ती माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यात भाजली गेली. अखेर जुलै १९२२ मध्ये सरकारने कायदा करून या प्रकारास आळा घातला.

यांतील एका गावाचा उल्लेख सुरतेत राहणाऱ्या माणसाने विस्ताराने केला पाहिजे. बीलेफेल्ड हे लिनन कापडाच्या धंद्याचे गाव. तेथील नगर-बचतपेढीने १९२१ पासून १९२३ पर्यंत कागदाऐवजी चक्क रेशमावर, लिननवर आणि मखमलीवर नोटा छापल्या. काहींच्या कडांना नाजूक किनार लावलेली आहे. माझ्यापाशी अशी एक रेशमी नोट आहे. गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतील पुष्कळांचे पोट कापडावर चालते. माझ्या शेजारी राहणारे एक खानदेशी गृहस्थ उभे आयुष्य मागाजवळ घालवून आता घरी बसले आहेत. त्यांना ती नोट दाखविली, तेव्हा त्यांनी आकड्याकडे पाहिलेही नाही; कापड अंगठा आणि तर्जनी यांत धरून हलकेच चोळले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, वीण पक्की आहे. पैसा बुडाला तरी रुमाल उरला असता." शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन अर्थकारणावर याहून नेमके भाष्य मी वाचलेले नाही.

कारण पैसा खरोखरच बुडाला. १९१४ साली एका अमेरिकन डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. बर्लिनमध्ये पावाच्या एका लादीस सुमारे २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. मध्यवर्ती बँकेने शंभराहून अधिक खाजगी छापखाने कामास लावले, तरी नोटा पुऱ्या पडेनात. म्हणून पुन्हा नगरपालिका, रेल्वे आणि कारखाने यांनी आपापले कागद काढले. थुरिंगिया राज्याच्या बँकेने वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेतील हर्बर्ट बायर नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाकडून दशलक्ष मार्कांच्या नोटांचे आरेखन करून घेतले. ठळक अक्षरे आणि मोठे आकडे एवढाच तिचा अलंकार आहे. शोभेसाठी वेळ नव्हता, कारण छपाईची शाई वाळेपर्यंत आकडा लहान पडत असे. बँकेची सर्वांत मोठी नोट एकावर चौदा शून्यांची, म्हणजे कोटीच्या कोटीपट मार्कांची होती. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी 'रेंटनमार्क' हे नवे चलन आले आणि एका रेंटनमार्कास एक लाख कोटी जुने मार्क हा दर ठरला. सरकारचे सुमारे १५,४०० कोटी मार्कांचे युद्धकर्ज या हिशेबाने जेमतेम १५ फेनिगांचे उरले.

हे सर्व दूरदेशीचे, आपल्याला त्याचे काय, असे वाचक म्हणतील. परंतु त्याच महायुद्धाने आपल्या घरांतही कागद आणला आहे. चांदीचा भाव इतका चढला की रुपयातील धातूच रुपयाहून महाग होण्याची वेळ आली. टांकसाळीस चांदी पुरेना, तेव्हा हिंदुस्थान सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची पहिली कागदी नोट काढली. पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची नोट आली. बंद्या रुपयाची सवय असलेल्या लोकांस हे दोन्ही प्रकार चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. त्याच वर्षी अमेरिकेने पिटमन कायद्याने चांदीचे प्रचंड साठे विक्रीस काढले आणि त्यांतील सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींकडे आली, म्हणून ती वेळ टळली. गोमंतकात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता; तेथेही १९१७ सालच्याच तारखेच्या चार तांगा आणि आठ तांगा अशा लहान किमतीच्या नोटा 'बांको नासियोनाल उल्त्रामारीनु' या बँकेने काढल्या. सोळा तांगांची एक रुपी होत असे. आमच्या आज्या-पणज्यांनी आठ तांगांचा कागद पदराच्या गाठीत बांधला असेल, तेव्हा त्यांनी नकळत युरोपातील युद्धच गाठीस बांधले होते.

दुसऱ्या महायुद्धात तर नोटगेल्डचे सख्खे भावंड आपल्याकडे जन्मास आले, आणि तेही गुजरातच्या भूमीवर. १९४० च्या जूनमध्ये गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे हा सरकारने गुन्हा ठरविला. एक रुपयाची नोट पुन्हा आली, रुपयातील चांदी निम्म्यावर उतरली, आणि १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी मध्ये भोक पाडलेला पैसा निघाला. तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या डब्यांत अजून सापडतो. तरीही मोड मिळेना. ब्रिटिश मुलखात खाजगी चलन काढण्यास कायद्याची आडकाठी होती; संस्थानांची गोष्ट निराळी. नवानगर, मोरवी, गोंडल, जुनागढ, जसदण, सायला, विठ्ठलगढ, मेंगणी अशा सौराष्ट्रातील लहानमोठ्या संस्थानांनी, तसेच राजपुतान्यात बिकानेर व बुंदी यांनी आणि माळव्यात सैलाना संस्थानाने पैसा, आणा अशा किमतीची 'कॅश कूपन' छापली. जाडसर पुठ्ठ्याचे हे चौकोनी तुकडे टपालाच्या तिकिटाहून फार मोठे नसतात. काहींवर संस्थानिकाचे चित्र असते, काहींवर केवळ राजचिन्ह आणि आकडा. मेंगणीसारखे संस्थान म्हणजे थोडी गावे. परंतु त्या गावांत त्या पुठ्ठ्यावर चिमूटभर तंबाखू मिळत असे हे निश्चित.

माझ्या संग्रहात एका वहीच्या समोरासमोरील पानांवर मी मोरवीचे कूपन आणि जर्मन गावाची चिठ्ठी लावली आहे. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात. ज्या वर्तुळात माणसे एकमेकांस ओळखतात, त्या वर्तुळात कशाचाही पैसा होऊ शकतो. आपल्या देवस्थानांत उत्सवाच्या दिवशी महाप्रसादाची जी कुपने वाटली जातात ती याच जातीची. त्या दिवशी, त्या अंगणात, ते कूपन म्हणजे पात्र वाढलेले केळीचे पान; दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर ते केराच्या टोपलीत जाते. आज किराणा दुकानदार सुट्या रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवतो, तोही नोटगेल्डच काढीत असतो. फरक इतकाच की ती गोळी तो परत घेत नाही! आणि ज्या सुरतेत मी राहतो, तिने तर सतराव्या शतकात कागदी वचनांवर साम्राज्याचा व्यापार चालविला. सुरतेच्या हुंड्यांची आणि त्यांच्या दरांची नोंद ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तांतात केली आहे. दर्शनी हुंडी दाखविली की पैसे मिळत, कारण ती न पटविणाऱ्या सराफाची पत त्याच दिवशी संपे.

मात्र वर्तुळ मोठे झाले, की वचन देणारा आणि घेणारा एकमेकांस दिसेनासे होतात. मग वचन फसले तर तोटा कोणी सोसावयाचा? येथे माझ्या छंदाने माझ्या व्यवसायाची गाठ घेतली. जर्मनीत १९२३ पर्यंत न्यायालये 'मार्क म्हणजे मार्क' या तत्त्वावर ठाम होती. युद्धापूर्वी सोन्याच्या मार्कांत घेतलेले गहाणाचे कर्ज ऋणको आता एका पावाच्याही किमतीचा नसलेला कागद टाकून फेडू शकत असे. विधवा, निवृत्त शिक्षक, अनाथांचे पालक, चर्च आणि धर्मादाय निधी यांचा सर्व पैसा कायद्याने 'सुरक्षित' मानलेल्या गहाणांत आणि सरकारी रोख्यांत होता. तोच नेमका बुडाला. नियम पाळणारे बुडाले आणि कर्ज काढून घरे घेणारे तरले. अखेर २८ नोव्हेंबर १९२३ रोजी लाइपझिग येथील सर्वोच्च न्यायालयाने एका गहाणाच्या खटल्यात, १९०० पासून अमलात असलेल्या नागरी संहितेच्या २४२ व्या कलमाचा आधार घेऊन, असा कागद टाकणे म्हणजे फेड नव्हे असे ठरविले. ते कलम म्हणते ते एवढेच, की ऋणकोने आपले कर्तव्य सचोटीने व परस्परविश्वासास धरून पार पाडावे. या एका साध्या वाक्यातून न्यायालयाने हजारो घरांस थोडा आधार दिला. पुढे जुलै १९२५ च्या कायद्याने बहुतेक गहाणांचे मूल्य मूळ सोन्याच्या रकमेच्या चतुर्थांशावर आणून सोडले. म्हणजे न्याय मिळाला तोही चार आणे.

आपला कायदा त्या वाटेने गेलेला नाही. १९६० साली आलोपी परशाद यांच्या प्रसिद्ध खटल्यात सैन्याला तूप पुरविण्याच्या करारातील दर महागाईमुळे वाढवून मागितले होते. परिस्थिती पालटली म्हणून करार सुटत नाही आणि न्यायालय नवे दरही ठरवून देत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. व्यापाराच्या स्थैर्यासाठी हे योग्यच आहे. परंतु रुपया म्हणजे रुपया हे तत्त्व एका ठिकाणी मला दर वर्षी टोचते, आणि ते ठिकाण म्हणजे देऊळ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावच्या देवस्थानचे कायदेविषयक काम मी पाहतो. तेथे कायम ठेवींची एक जुनी वही आहे. कोणी आईच्या स्मरणार्थ, कोणी मुलास नोकरी लागली म्हणून, वार्षिक अभिषेकासाठी वा नंदादीपासाठी शंभर रुपये देवापाशी ठेवलेले. शेकडा चार दराने वर्षास चार रुपये येत, आणि त्या काळी त्यांत तेल, फुले, नैवेद्य, दक्षिणा सर्व भागत असे. वचन 'आचंद्रार्क' दिलेले आहे. आज चार रुपयांत एक वात पेटत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने विश्वस्तांस पैसा बँकांत आणि सुरक्षित रोख्यांत ठेवावयास सांगितले. त्यांनी तो तसाच ठेवला. कोणी अफरातफर केली नाही, कोणाचा हात काळा नाही. तरीही ठेव वितळली. जर्मनीत जे पाच-सहा वर्षांत घडले, ते आपल्या वहीत ऐंशी वर्षांत घडले. वेग निराळा, गणित तेच.

त्याच देवस्थानची आणखी एक गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि त्या भरण्याची मुदत ३० डिसेंबरास संपली. नंतर, १९१७ साली नव्हे तर २०१७ साली, फंडपेटी उघडली तेव्हा तळाशी एका हातरुमालात बांधलेल्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या. सोबत चिठ्ठी: नातीला मूल झाले, नवस बोलले होते, अभिषेक करावा. नाव नाही, अक्षर थरथरते. विश्वस्तांच्या बैठकीत वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "नोटच नाही, तर अभिषेक कसला?" भटजींनी शांतपणे उत्तर दिले, "नोट सरकारची होती. नवस देवाचा आहे." मला कायद्याचे मत विचारले. मी सांगितले की २०१७ च्या कायद्याने या नोटांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे दायित्व संपले आहे. दहापर्यंत नोटा बाळगण्यास हरकत नाही, आणि अभ्यासासाठी किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत मुभा आहे. त्यापलीकडे दंड आहे. पुढे २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने नोटबंदी वैध ठरविली. पण त्या बैठकीतील खरा प्रश्न कायद्याचा नव्हता. ज्या म्हातारीने वचन पाळले, तिच्या हातातील वचन दुसऱ्याच कोणी मागे घेतले होते. तोटा तिने एकटीने सोसावा काय?

अभिषेक झाला. खर्च विश्वस्तांनी आपापसांत वर्गणी करून दिला. ज्यांनी हरकत घेतली होती, त्यांनी सर्वांत आधी खिशात हात घातला, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. त्याच बैठकीत जुन्या वहीचाही विषय निघाला. सर्व जुन्या ठेवींचे अभिषेक निरनिराळे करणे शक्य नाही. म्हणून कार्तिकातील एका दिवशी एकच अभिषेक करावा, वहीतील प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे आणि उणे पडेल ते हयात असलेल्यांनी भरून काढावे, असे ठरले. हा चतुर्थांश न्याय आहे हे मी जाणतो. परंतु बर्लिनच्या कायद्याने दिला त्याहून तो कमी नाही, आणि नावे तरी वाचली जातात.

या निमित्ताने वाचकांस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. आपापल्या देवस्थानांत अशा वह्या असतील तर त्या पाहाव्यात; आणि नवी कायम ठेव देताना किंवा घेताना 'आचंद्रार्क' हा शब्द लिहिण्यापूर्वी व्याजातून थोडा भाग दर वर्षी मुद्दलात घालण्याची अट लेखात घालून घ्यावी. दुसरी विनंती अशी की घरातील जुन्या पेट्या आवरताना पुठ्ठ्याचे मळकट चौकोन, भोकाचे पैसे, तांगांच्या नोटा निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नयेत.

त्या चार नोटा आजही देवस्थानच्या तिजोरीत त्याच रुमालात आहेत. संग्राहक म्हणून त्यांचा मला मोह झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण त्यांची जागा माझ्या वहीत नव्हे. वहीतील कागद ज्यांचे होते ती माणसे गेली. या नोटांचा अभिषेक मात्र दर कार्तिकात होतो.